एका गोळीची वाट

फार्मसी महाविद्यालयात मी सव्वीस वर्षे औषधशास्त्र शिकवले. दर वर्षी मॉर्फिनसाठी दोन तासिका ठरलेल्या असत. अफूच्या बोंडाचा चीक, त्यातले घटक, शरीरातील त्यांचे कार्य, मात्रा, दुष्परिणाम हे सारे मला तोंडपाठ होते. २०१६ च्या पावसाळ्यात माझ्या सख्ख्या आत्याला हेच औषध हवे होते आणि मला ते मिळवून देता येईना.

आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. वय ७१. स्वादुपिंडाचा कर्करोग उशिरा लक्षात आला. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले, "आता करण्यासारखे काही नाही, घरी न्या." पुढच्या भेटीची तारीखही त्यांनी दिली नाही. घरी आल्यावर पोटातून पाठीत जाणारी कळ सुरू झाली. रात्रभर ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसायची. तालुक्याच्या रुग्णालयात नेले की एक इंजेक्शन मिळे, चार तास बरे जात, मग पुन्हा तेच. मॉर्फिनच्या गोळ्यांचे विचारले, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ते आम्ही ठेवत नाही. फार भानगडी असतात." औषधाचा दुकानदार तर नावानेच बिचकला.

शेवटी ओळखी काढत मुंबईच्या एका रुग्णालयातून गोळ्या मिळाल्या. त्यात अकरा दिवस गेले. तिसऱ्या रात्री आत्या सलग पाच तास झोपली. सकाळी मला म्हणाली, "अगं, हीच ना ती, तू पोरांना शिकवतेस ती? मग इतके दिवस कुठं होती?"

तिच्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी पुढे बरेच वाचले आणि विचारले. ते इथे मांडते आहे.

'करण्यासारखे काही नाही' हे खरे नाही

आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ, जखमा, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. या कामाला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची आणि पैशाच्या काळजीचीही असते, हे त्यांनी ठामपणे मांडले. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. साध्या वेदनाशामकापासून सुरुवात करायची आणि गरज पडल्यास मॉर्फिनपर्यंत जायचे. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' हे भारतातले पहिले हॉस्पिस उघडले. म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता, उलट सर्वांच्या पुढे होता.

अफू पिकवणारा देश

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. जगाच्या औषध उद्योगाला आपण अफू पुरवत आलो. तरी आपल्याच रुग्णांपर्यंत गोळी पोहोचत नव्हती, आणि त्याचे मोठे कारण कायद्यात होते.

१९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, आला. व्यसन आणि तस्करी रोखणे हा त्याचा हेतू योग्यच होता. पण वैद्यकीय मॉर्फिनही त्याच जाळ्यात सापडले. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, एका साठ्यासाठी अनेक परवाने आणि त्यांच्या मुदतीही निरनिराळ्या. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. नोंदीत चूक झाली तर किमान दहा वर्षांच्या शिक्षेची धास्ती. रुग्णालयांनी सोपा मार्ग निवडला आणि औषध ठेवणेच बंद केले. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ नंतरच्या बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ मध्ये तो अवघ्या १८ किलोवर आला होता. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने मॉर्फिनची गोळी हातातच घेतली नाही.

डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरली, देशभर एकच नियम आला आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी झाली. अट एवढीच, की तिथे हे औषध वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा.

आता तारखा लावून पाहा. महाराष्ट्राने स्वतःचे उपशामक सेवा धोरण २०१२ मध्ये जाहीर केले. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. कायदा २०१४ मध्ये सुधारला. आत्या आजारी पडली २०१६ मध्ये. धोरण होते, कार्यक्रम होता, कायदाही बदललेला होता. तालुक्याचे कपाट मात्र रिकामेच होते.

भीती कुणाची?

ते कपाट रिकामे राहण्यात भीतीचा वाटा मोठा आहे. 'सवय लागेल', 'श्वास बंद पडेल', 'मॉर्फिन सुरू केले म्हणजे संपलेच' ही वाक्ये डॉक्टरांकडून आणि नातेवाइकांकडून सारखीच ऐकू येतात. खरे तर वेदनेच्या प्रमाणात, थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत दिले, तर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन सुरक्षित असते. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, कळ येण्याची वाट पाहायची नाही. बद्धकोष्ठ हमखास होतो, त्यामुळे सोबत रेचक द्यावेच लागते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. हे चार नियम शिकायला वर्षे लागत नाहीत, पण ते कुणीतरी शिकवावे लागतात. मी स्वतः इतकी वर्षे परीक्षेपुरती रासायनिक रचना शिकवली. गोळीबरोबर रेचक द्यायचे, हे एकाही वर्गाला सांगितल्याचे मला आठवत नाही.

केरळने काय वेगळे केले

भीती कमी व्हायची तर हे काम रोज डोळ्यांसमोर दिसायला हवे. केरळात तसे घडले. १९९३ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक छोटा दवाखाना सुरू केला. लवकरच त्यांच्या लक्षात आले, की ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांना दवाखान्यापर्यंत येताच येत नाही. म्हणून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारचे लोक यात उतरले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले दोन तास देऊ लागले. गावातूनच छोट्या देणग्या जमल्या. २००८ मध्ये सरकारचे धोरण आले, तेव्हा ते या चालत्या कामावर उभे राहिले आणि ग्रामपंचायतींनी परिचारिकेचा खर्च आपल्या योजनेत घेतला.

केरळ छोटे, दाट वस्तीचे, पंचायती सक्षम असलेले राज्य आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर तीच नक्कल चालणार नाही. पण तिथला क्रम घेण्यासारखा आहे. आधी घरी जाणारी परिचारिका, तिच्या मागे प्रशिक्षित डॉक्टर, आणि खाटा सर्वांत शेवटी.

एका तालुक्याचे गणित

हे खर्चिक आहे, असा आक्षेप नेहमी येतो. म्हणून एक ढोबळ गणित मांडते. दोन लाख वस्तीचा तालुका घ्या. हजारी सहा मृत्युदर धरला, तर वर्षाला १,२०० मृत्यू होतात. त्यांतल्या निम्म्यांना अखेरच्या काळात अशी सेवा लागते असे धरू, म्हणजे ६०० माणसे. प्रत्येकाला सरासरी तीन महिने सेवा लागली, तर एका वेळी १५० रुग्ण होतील. प्रत्येकाकडे महिन्यातून दोन भेटी म्हटल्या तर ३०० भेटी. रोज पाच घरे आणि महिन्याचे वीस दिवस धरले, तर एक परिचारिका १०० भेटी करते. म्हणजे तीन परिचारिका, एक वाहन आणि आठवड्यातून काही तास देणारा एक डॉक्टर.

आणि औषध? १५० पैकी ३० जणांना मॉर्फिन लागले आणि दिवसाला सरासरी ६० मिलिग्रॅम धरले, तर साऱ्या तालुक्याची वर्षाची गरज ६५० ग्रॅमच्या आसपास येते. एका साध्या कुलूपबंद कपाटात मावेल इतकी.

यातले बरेचसे आपल्याकडे आहे. आशाताईंना कुणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे हे ठाऊक असते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची काळजी आणि उपशामक सेवा लिहिलेली आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय या विषयातले तज्ज्ञ घडवते, तिथे २०१२ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. हे तुकडे जोडण्याची जबाबदारी तालुक्यात नेमक्या कोणाची, हे ठरलेले नसते. नियोजनाची सुरुवात या नावापासून व्हायला हवी.

आत्या गोळ्या सुरू झाल्यावर सहा आठवडे जगली. दुखणे गेले नव्हते, पण सोसवेल इतके झाले होते. ती ओट्यावर बसून शेंगा निवडायची. धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या काकांशी, जमिनीवरून बारा वर्षे अबोला होता. तो तिने त्या दिवसांत मोडला. आधीच्या अकरा दिवसांत तिला कुणाचे नावही घ्यायची शुद्ध नव्हती. ते अकरा दिवस रोगाने घेतले नाहीत, व्यवस्थेने घेतले.

दिवाळीला गावी जाल, तेव्हा आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात तीन प्रश्न विचारून पाहा. इथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का? त्या द्यायला शिकलेले डॉक्टर आहेत का? घरी येणारी परिचारिका आहे का? उत्तर 'नाही' आले, तर तोच प्रश्न लेखी स्वरूपात जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आपल्या जिल्हा परिषद सदस्याला द्या. आपल्या घरात गरज पडण्याआधी विचारलेले बरे.