वडाप: भरल्यावर सुटणारी गाडी

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत ‘वडाप’ आणि मराठवाडा-विदर्भात बहुधा ‘काळी-पिवळी’ म्हणून ओळखली जाणारी वाहतूक, म्हणजे प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेऊन नेहमीच्या रस्त्यावर धावणारी जीप किंवा व्हॅन, ही एसटीच्या दोन फेऱ्यांमधल्या रिकाम्या वेळेत वाढलेली आहे. एसटी वेळ झाली की सुटते, वडाप भरल्यावर सुटते. तिचा हिशेब आणि तिचे दोष या एकाच फरकातून निघतात.

तालुक्याच्या गावी फाट्यावर गाड्या ‘नंबर’ लावून, म्हणजे आल्या क्रमाने, उभ्या राहतात आणि पहिली भरल्याखेरीज दुसरी सुटत नाही. ‘दोनच सीट कमी आहेत’ असे सांगत चालक प्रवासी गोळा करतो. मधल्या बाकावर चौघे बसतात, मागे गुडघ्याला गुडघे लागतात, पुढे चालक स्वतः दाराकडे सरकून आणखी एकाला जागा देतो, आणि टपावर पोती, दुधाच्या किटल्या व बाजाराची पाटी चढते. यात हाव असतेच, परंतु निम्म्या गाडीच्या भाड्यात डिझेल आणि कर्जाचा हप्ता भागत नाही, हेही खरे आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मॅक्सी कॅबला, म्हणजे चालक वगळता सहापेक्षा जास्त व बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनाला, प्रवाशागणिक भाडे घेता येते. वाटेत थांबून प्रवासी चढवणे-उतरवणे मात्र ‘टप्पा वाहतूक’ ठरते आणि तिला वेगळा परवाना लागतो. वस्तुतः वाडीच्या तोंडाशी हात दाखवताच थांबणे, हीच वडापची खरी सेवा आहे. अनेक गाड्या तर खासगी नोंदणीच्याच असल्याने अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि त्याची झळ जखमी प्रवाशाच्या घराला बसते.

एसटी कर्मचाऱ्यांच्या २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात शासनाने खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली होती. पुढे १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट लागू झाले. पण जेथे दिवसातून दोनच एसटी येतात, तेथे दुपारी दवाखान्यातून परतणाऱ्या बाईला त्या सवलतीचा उपयोग नाही. अशा रस्त्यांवर तरी आसनसंख्या आणि प्रवासी विमा यांची सक्त अट घालून शासनाने वडापला टप्प्याचा परवाना द्यावा.