विश्लेषण : दूरच्या विश्वातील तेजस्वी वायूढगांना ऊर्जा कोण पुरवते?

हायड्रोजनचे लाखो प्रकाशवर्षे पसरलेले ढग दूरच्या विश्वात उजळलेले दिसतात. ही ऊर्जा येते कुठून? या कोड्याचा महत्त्वाचा धागा क्ष-किरणांनी दिला.

‘ब्लॉब’ म्हणजे काय?

कुंभ राशीतील ‘एसएसए-२२’ या भागात २००० मध्ये चार्ल्स स्टायडेल आणि सहकाऱ्यांना असे दोन महाकाय ढग सापडले. पुढे तिथेच आणखी अनेक मिळाले. हायड्रोजनच्या ‘लायमन-अल्फा’ या अतिनील प्रकाशात ते चमकतात, म्हणून नाव ‘लायमन-अल्फा ब्लॉब’. त्यांचा प्रकाश निघाला सुमारे ११.५ अब्ज वर्षांपूर्वी, विश्व जेमतेम २ अब्ज वर्षांचे असताना.

वाद कशावरून?

एका मतानुसार, आकाशगंगेकडे कोसळणारा वायू तापतो आणि ती ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. दुसऱ्या मतानुसार, ढगात दडलेल्या आकाशगंगांमधील कृष्णविवरे किंवा वेगाने जन्मणारे तारे त्याला उजळवतात.

क्ष-किरणच का?

कृष्णविवराकडे खेचला जाणारा वायू प्रचंड तापतो आणि तिथून क्ष-किरण निघतात. धूळ दृश्य प्रकाश अडवते. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मात्र आरपार जातात. पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेते, म्हणून दुर्बीण अंतराळातच हवी. सुब्रमण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची नासाची ‘चंद्रा’ वेधशाळा १९९९ पासून हेच काम करते.

‘चंद्रा’ला काय दिसले?

‘चंद्रा’ने या भागाकडे एकूण सुमारे ४ लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवस टक लावली. जेम्स गीच यांच्या गटाने २००९ मध्ये निष्कर्ष मांडले : २९ पैकी ५ ब्लॉबमध्ये वाढत्या महाकाय कृष्णविवरांच्या खुणा सापडल्या. ही कृष्णविवरे आणि ताऱ्यांची धडाकेबाज निर्मिती मिळून ढग उजळवण्याइतकी ऊर्जा देऊ शकतात, असे गणित सांगते.

मग उरलेल्या २४ चे काय?

क्ष-किरण दिसले नाहीत म्हणजे कृष्णविवर नाहीच, असे नव्हे. ते दाट वायूत गाडलेले किंवा मंद असू शकते. २०१६ मध्ये ‘अल्मा’ दुर्बिणीला ‘ब्लॉब-१’च्या गाभ्यात दोन आकाशगंगा दिसल्या. आपल्या आकाशगंगेच्या १०० पटींहून अधिक वेगाने तिथे तारे जन्मत आहेत.

महत्त्व काय?

तारे बनण्यासाठी वायू थंड व्हावा लागतो. आतूनच तो तापवला गेला, तर आकाशगंगेची वाढ रोखली जाते. मोठ्या आकाशगंगा वाढायच्या का थांबतात, याचे उत्तर या ढगांत दडलेले असू शकते.