एका झाडाची होडी

नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घाट येतो, फार तर एखादा पूल येतो. मध्य आफ्रिकेतल्या काँगो नदीवर किसंगानी ते किन्शासा या सुमारे १,७०० किलोमीटरच्या टप्प्यात एकही पूल नाही. काठाकाठानं जाणारा धड रस्ताही नाही. बाजार, लग्न, मयत, आजारपण, सगळं पाण्यावरून. मोठे तराफे महिन्यामहिन्यानं येतात; रोजच्याला गरिबाच्या हाताशी असते ती अख्ख्या ओंडक्यातून कोरलेली होडी. तिला तिथे ‘पिरोग’ म्हणतात.

२०१२ साली मी किसंगानीला माझ्या खालाच्या मुलाकडे गेलो होतो. त्याचं तिथे कापडाचं दुकान. तिथल्या स्वाहिली भाषेत ‘किताबू’, ‘चाय’, ‘हबारी’ म्हणजे खबर, असे शब्द ऐकून मला परकं वाटेना. यांगांबीपर्यंत, म्हणजे शंभरेक किलोमीटर खाली, पिरोगनं जायचं मी ठरवलं. भावानं आधी वेड्यात काढलं, मग एक तांडेल शोधून दिला.

मी कोकणातल्या खाडीकाठचा. आजोबांची उलांडीची होडी होती. होडीचं मला कोण काय शिकवणार, ही घमेंड बसताक्षणी उतरली. आपल्याकडे होडीच्या बाजूला बांधलेली उलांडी तिला कलंडू देत नाही. पिरोगला तसा काही आधार नाही. बूड गोल, अंग निमुळतं. भरलेल्या होडीची कड पाण्यावर जेमतेम वीतभर. मी खिशातला रुमाल काढायला वळलो, तर मागून तांडेल ओरडलाच. माणसांनी तळाशी बसायचं, वजन खाली ठेवायचं. वल्हवणारे मात्र उभे! उभ्यानं लांब वल्ह्यावर सगळ्या अंगाचा भार देता येतो आणि पुढून वाहत येणारे ओंडके, जलपर्णीची बेटं लांबूनच दिसतात. त्यांचे पाय होडीबरोबर डुलत असतात. ते लहानपणीच यावं लागतं, माझ्यासारख्यानं करू नये.

होडी घडते जंगलात. मोठं झाड पाडून जागेवरच कुऱ्हाडीनं आणि वाकसानं पोखरतात, गरज पडली तर आतून विस्तवानं शेकतात. मग गावकरी मिळून ती ओढत पाण्यापर्यंत नेतात. जोड नाही, खिळा नाही. चीर पडली तर चिंधी, नाहीतर माती कोंबायची. आमच्या होडीतही एक चीर होती आणि डबड्यानं पाणी उपसायला एक पोरगा होता. तो शेवटपर्यंत थांबला नाही.

ही नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. एका बाजूला पाऊस ओसरतो तेव्हा दुसऱ्या बाजूला तो सुरू असतो. म्हणून आपल्या नद्यांसारखी ती उन्हाळ्यात आटत नाही, वाहत राहते. खाली जाताना तांडेल होडी मधल्या धारेला घालतो, पाणीच तिला नेतं. वर येताना तीच धार वैरी. मग काठाला चिकटून, झुडपांच्या फांद्या चुकवत, जिथे पाणी मंद आहे किंवा भोवऱ्यामुळे उलटं फिरतं, तिथून इंच इंच चढायचं. दुपारी आभाळ काळवंडलं की वल्ही टाकून काठ गाठायचा. वादळात या नदीवर समुद्रासारख्या लाटा उठतात. जादा माणसं भरून, रात्रीच्या अंधारात निघालेल्या होड्या बुडतात आणि माणसं जातात, हे तिथे वरचेवर घडतं.

आम्हाला जाताना दीड दिवस लागला, येताना चार.

येतानाच, दुसऱ्या संध्याकाळी, एका गावातून एक बाई चढली. पाठीशी तापानं फणफणलेलं मूल. तिला किसंगानीच्या दवाखान्यात जायचं होतं. इंजिनाची होडी अर्ध्या दिवसात गेली असती, पण तेलाचे पैसे तिच्याकडे नव्हते. माझ्याकडे होते, पण त्या काठावर विकत घ्यायला ना इंजिन होतं ना तेल. तांडेल काही बोलला नाही. त्या रात्री चांदणं होतं. एरवी अंधारात काठ न सोडणारा तो माणूस रात्रभर वल्हवत राहिला. मी डबडं घेतलं, पोऱ्याला झोपू दिलं. मूल मधूनच रडायचं, मधूनच गप्प व्हायचं. गप्प झालं की आम्ही सगळेच माना वळवून बघायचो, आणि होडी डुलायची.

चौथ्या दिवशी सकाळी किसंगानी आलं. एकदम उठता येत नाही. एक उठला की बाकीच्यांनी बसून राहायचं. सगळ्यांनी तिला आधी उतरवलं. भाडं म्हणून तिनं धुरावलेले दोन मासे पुढे केले. तांडेलानं एक घेतला.

आठवड्यानं मी धक्क्यावर गेलो तर ती त्याच होडीत बसलेली. मूल मांडीवर, हिवतापातून उठलेलं, डोळे खोल गेलेले, पण केळं खात होतं. उतारानं जायचं होतं. उजाडताच निघाले तर अंधाराआधी घरी पोचतील, असं तांडेल म्हणाला.