सगळेच पिवळे!

आधीच माफी मागते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या शुद्धलेखनाची बोंब आहे. पण विषय हॉस्टेलवरच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा, म्हणून हे धाडस!

मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघींनी मिळून लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टीमच्या नोट्स काढल्या होत्या. पेपरच्या आदल्या रात्री फाईल उघडली, बघते तर काय! डेडलॉकच्या चार अटी कोऱ्या करकरीत आणि त्यांच्या वरचे भलतेच वाक्य पिवळेधमक. रूममेटने संध्याकाळी वर दोन ओळी घुसवल्या होत्या. "अगं, मी तर फक्त भर घातली!" ती म्हणाली. सगळे हायलाइट सरकले होते. माझी रात्र ते शोधण्यात गेली आणि चार मार्कांनी के.टी. लागली.

असे का होते? साध्या प्रोग्राममध्ये हायलाइट म्हणजे नुसते दोन आकडे असतात, समजा 'अक्षर 1200 ते 1260'. वर मजकूर वाढला की वाक्य खाली सरकते, आकडे मात्र जागचे हलत नाहीत. मेसच्या रांगेत 'बाराव्या मुलीला ताट दे' असे सांगून ठेवावे आणि पुढे दोघी घुसाव्यात, तसेच हे. ताट भलतीलाच मिळणार! पीडीएफमध्ये हायलाइटची पानावरची जागा कोऑर्डिनेट्सच्या रूपात साठवतात. तिथे पान बदलत नाही म्हणून निभावते.

यावर उपाय आहे. डब्ल्यू३सी या संस्थेने 2017 मध्ये वेब अ‍ॅनोटेशनचे स्टँडर्ड जाहीर केले. त्यात आकड्यांबरोबरच खुद्द रंगवलेला मजकूर आणि त्याच्या आधीचे व नंतरचे थोडे शब्द साठवायची सोय आहे. म्हणजे 'बारावी मुलगी' नाही, तर 'निळ्या ओढणीची, जिच्या पुढे उंच मुलगी आणि मागे चष्मेवाली'. रांग कितीही हलली तरी ती सापडते.

दुसरी अडचण आपल्या मराठीची. 'क्षि' आपल्याला एकच अक्षर दिसते, पण कॉम्प्युटरसाठी ते चार कोड असतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी. प्रोग्रामने कोड मोजून रंग दिला तर जोडाक्षराच्या मधोमध कात्री लागते. युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, 2023 साली, देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम आला. नोट्सचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने तो वापरायलाच हवा.

आता तिसरी गोष्ट, आणि ही जरा झोंबेल. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. हायलाइट करणे कमी उपयोगाच्या गटात गेले. स्वतःची परीक्षा घेणे आणि थोडा थोडा अभ्यास अनेक दिवसांत वाटणे या दोन्ही सर्वांत वर. त्याच्याही खूप आधी, 1933 मध्ये, हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन बाईंनी दाखवले होते की इतरांहून वेगळी दिसणारी गोष्ट जास्त लक्षात राहते. मग सगळेच पान पिवळे केले तर वेगळे काय राहिले?

म्हणून या वर्षी मिनी प्रोजेक्टला आम्ही हायलाइटरच घेतला आहे. ठरवलेल्या गोष्टी अशा:

1. पानाचा किती टक्के भाग रंगला, ते कोपऱ्यात दिसेल. जास्त झाले की टोकेल.
2. एका बटणावर रंगवलेले शब्द झाकले जातील आणि रिकाम्या जागा भरायच्या!
3. प्रत्येक रंगाबरोबर वेगळी अधोरेखा असेल, म्हणजे लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांचीही अडचण होणार नाही.
4. सगळे हायलाइट एकाच यादीत येतील आणि टिचकी मारली की मूळ जागी नेतील.

खरे सांगू? त्या रात्री हायलाइट सरकले नसते तरी मला त्या अटी येत नव्हत्या. रंगवले म्हणजे वाचले आणि वाचले म्हणजे आले, असे मी धरून चालले होते. के.टी.च्या पेपरला त्या झाकून, स्वतःला विचारून केल्या: म्युच्युअल एक्सक्लूजन, होल्ड अँड वेट, नो प्रीएम्प्शन, सर्क्युलर वेट. बघा, न बघता लिहिल्या!