सही काऊबॉयची की सेक्रेटरीची?

‘हाय नून’, ‘मॅकेनाज गोल्ड’ असे घोडे आणि पिस्तुलांचे चित्रपट आपल्याकडेही अनेकांनी आवडीने पाहिले. अमेरिकेत अशा चित्रपटांतल्या नायकांच्या सहीचे फोटो जमवणं हा जुना छंद. आज तो महागही झाला आहे. जॉन वेनच्या वस्तूंचा २०११ मध्ये लिलाव झाला, तेव्हा ‘ट्रू ग्रिट’मधली त्याची डोळ्यावरची पट्टी ४७,८०० डॉलरना गेली.

पैसा आला की नक्कल आलीच. पण श्रोतेहो, प्रत्येक खोटी सही लबाडाचीच असते असं नाही. १९३० ते १९५० च्या काळात मोठ्या नटांना पोत्यांनी पत्रं येत. उत्तरं देण्यासाठी स्टुडिओत वेगळा विभाग असे. तिथे सेक्रेटरी नटाच्या नावाने सही करत, रबरी शिक्का मारत किंवा सहीसकट छापलेला फोटोच पाठवत. चाहत्याने तो जन्मभर जपला, नातवाने विकायला काढला. फसवण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. तरी सही नायकाची नव्हे!

मग ओळखायचं कसं? जाणकार आधी भिंग घेतात. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. शिक्क्याच्या सहीत शाई रेघांच्या कडेला साचते. हाताने लिहिताना दाब कमी-जास्त होतो, वळणावर वेग बदलतो. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर संशय घ्यावा. कारण माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करत नाही, यंत्र करतं.

भिंगाइतकंच कामाला येतं कॅलेंडर. अमेरिकेच्या दुकानांत बॉलपेन आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. मूकपटांचा लाडका काऊबॉय टॉम मिक्स १९४० मध्येच मोटार अपघातात गेला होता. म्हणजे त्याची बॉलपेनची सही तिथेच बाद! ‘शार्पी’ मार्कर १९६४ चा, तर ‘हाय नून’चा नायक गॅरी कूपर वारला १९६१ मध्ये. कागदही साक्ष देतो. १९५० च्या दशकापासून फोटोचा कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात रसायनं मिसळू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. तसा फोटो टॉम मिक्सच्या हातात पडणं शक्यच नाही.

मात्र या कसोट्या खोटं पकडतात, खरं सिद्ध करत नाहीत. जुना कोरा कागद आजही मिळतो. प्रमाणपत्राचाही भरवसा नाही. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांचं जाळं पकडलं, तेव्हा सह्यांबरोबर प्रमाणपत्रंही बनावट निघाली.

म्हणून अनुभवी संग्राहक सहीची कुळकथा विचारतात. कुणी, कुठे, कधी घेतली? पुढे कुणाकडे गेली? टपालशिक्क्याचं पाकीट आहे का? सोबतचं पत्र आहे का? नुसत्या फोटोपेक्षा पाकिटासह फोटोवर विश्वास ठेवणं सोपं जातं, आणि घर आवरताना नेमकं पाकीटच आधी केरात जातं.

रॉय रॉजर्सला पत्रं लिहिणारी मुलं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्या मागे फोटो वारसांकडे जाईल, पण तो कसा मिळाला हे कोण सांगणार? म्हणून ती हकिकत तारखेसह वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवावी. ज्याने सही घेतली, तो हयात आहे तोवरच हे काम होऊ शकतं.