गुडघ्याखालचा नाजूक वळसा

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बोट फिरवा. हाडाचा गोल उंचवटा लागेल. त्याच्या लगेच खाली पेरोनियल नस हाडाला वळसा घालून पुढे येते. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, तर चेतातंतूंची दोरी. मांडीतल्या सायटिक नसेचीच ही फांदी, पण या वळणावर तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी, एवढंच पांघरूण.

पुढे तिच्या दोन शाखा होतात. खोलवरची पाऊल आणि बोटं वर उचलते. वरवरची पाऊल बाहेर वळवते आणि पावलाच्या वरच्या बाजूचा स्पर्श मेंदूला कळवते.

तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी केली किंवा प्लास्टर घट्ट बसलं, की ही नस दबू शकते. मग पाऊल लोंबतं, चप्पल निसटते, उंबऱ्याला बोटं अडखळतात. माणूस गुडघा उंच उचलून चालू लागतो. कुष्ठरोगातही ती जाड होते, म्हणून डॉक्टर नेमकी तिथेच चाचपून पाहतात. बसून आलेल्या मुंग्या उठल्यावर गेल्या तर घाबरू नका. पण टाचांवर चालताना एक पाऊल उचलतच नसेल, तर तेल चोळत दिवस घालवू नका, लगेच डॉक्टर गाठा.