फोटोच्या चौकटीबाहेर



बे एरियातले आम्ही सात-आठ जण दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी आपापले फोटो घेऊन जमतो. सगळे हौशी. दिवसा कोड लिहिणारे, चिप डिझाईन करणारे, एक डेंटिस्ट. सुरुवातीला गप्पा फक्त लेन्सच्या आणि डील्सच्या व्हायच्या. शेवटी एका वहिनींनी कंटाळून नियम केला: प्रत्येकाने एकच प्रिंट आणायची आणि ती काढताना काय झालं ते सांगायचं. कॅमेऱ्याचं मॉडेल विचारणाऱ्याने चहाचे कप विसळायचे.

पहिल्याच वेळी एका मित्राने दिवेघाटातला फोटो आणला. पालखी घाट चढतेय आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी थेट आपल्याकडे बघून हसताहेत. आम्ही वा वा केलं. तो म्हणाला, "आजींनी विचारलं, 'लेकरा, मला धाडशील का फोटू?' मी हो म्हटलं. मागून रेटारेटी झाली, आजी पुढे गेल्या. पत्ता राहू दे, नावसुद्धा विचारलं नाही मी." त्याने प्रिंट्स दोन काढल्या होत्या. दुसरी अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्या दिवशी मला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आठवला. त्याचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. गाडीतून जाताना त्याला मावळत्या उन्हात चमकणारे कबरींवरचे क्रॉस आणि वर चंद्र दिसला. गाडी थांबवून त्याने धावपळ करत कॅमेरा लावला, तर लाईट मीटर सापडेना! चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, त्यावरून मनातल्या मनात हिशोब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलं. गंमत म्हणजे ही हकीकत त्याला तपशिलवार आठवायची, पण वर्ष तो कधी एक सांगायचा, कधी दुसरं. शेवटी १९९१ साली डेनिस डी चिको या खगोल अभ्यासकाने चंद्राच्या जागेवरून गणित मांडून वेळ काढली: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद.

आपलं नेमकं उलटं आहे. डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये एक्झिफ डेटा असतो. तारीख, सेकंदापर्यंत वेळ, शटर स्पीड, सगळं आपोआप नोंदलं जातं. गोष्ट मात्र आपण विसरतो. किंवा सोयीची तेवढी लक्षात ठेवतो.

माझी पाळी आली तेव्हा मी योसेमिटीचा हॉर्सटेल फॉल नेला. एल कॅपिटनच्या पूर्व अंगावरून पडणारा हा धबधबा एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मावळतीचे किरण नेमके त्याच्यावर पडतात आणि जेमतेम दहा मिनिटं पाण्याच्या जागी लाव्हा वाहतोय असं वाटतं. बर्फ वितळून पाणी हवं, पश्चिमेला ढग नको. गॅलन रॉवेलने १९७३ मध्ये काढलेल्या फोटोनंतर त्याच्यासाठी गर्दी होऊ लागली.

माझा फोटो फेब्रुवारी २०१७ चा. फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. "चार तास थंडीत उभा होतो" ही गोष्ट मी पन्नास वेळा तरी सांगितली असेल. खोटी नाही, अर्धी आहे.

तर झालं होतं असं. आई-बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. बायको ऑन-कॉल होती, म्हणून आम्ही तिघंच गेलो. पार्किंग मिळालं ते जवळजवळ मैलभर लांब. बाबांचे गुडघे दुखतात. "जागा पकडतो आणि तुम्हाला हळूहळू घेऊन जातो," असं सांगून मी निघालो. ट्रायपॉड लावला, आजूबाजूला माणसं दाटली, आणि मग जागा सोडवेना. फोनला रेंज नाही. तीन वाजले, चार वाजले, मी गेलोच नाही. अंधारात गाडीपाशी पोचलो तर बाबांनी एवढंच विचारलं, "मिळाला का?" आईने दशमी हातात दिली. चावी त्यांच्याकडेच होती, पण उगाच पेट्रोल जळतं म्हणून हीटर लावला नव्हता.

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. वहिनींनी विचारलं, "मग त्यांनी धबधबा बघितला की नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

रात्री साताऱ्याला फोन लावला. बाबा म्हणाले, "बघितला की! तू येईना, म्हणून आम्हीच निघालो. वाटेत दोनदा बसलो. तू दिसलास, मी हाक मारणार होतो. तुझी आई म्हणाली, राहू दे, तो हलला तर फोटो बिघडेल. मग तुझ्या आधी गाडीत येऊन बसलो."

"सांगितलं का नाही?"

"तू कुठे विचारलंस?"

थोड्या वेळाने त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. त्यांनीच तेव्हा काढलेला. तिरका, हललेला. गर्दीच्या पाठी, ट्रायपॉडचं जंगल, आणि मधे लाल टोपी घालून वाकलेला मी. धबधबा त्यात नाहीच.

व्हॉट्सअ‍ॅप एक्झिफ काढून टाकतं, त्यामुळे तो किती वाजता काढला ते फाईलमधून कळत नाही. पण वरच्या कोपऱ्यात कड्याचा एक तुकडा आलाय आणि तो केशरी आहे. म्हणजे त्याच दहा मिनिटांतला.

पुढच्या वेळी मी त्याचीच प्रिंट नेली. एकाने विचारलं, "कुठल्या फोनने काढलाय रे?"

कप त्याने विसळले.